खिशातला फिल्टर

बसने गचकन ब्रेक मारला. दांडी धरायची सोडून त्याचा हात आधी कोटाच्या खिशाकडे गेला, कारण पास त्या खिशात होता आणि गेल्याच महिन्यात असा एक पास त्याने हरवला होता. पास होता. पण पासामागे, खिशाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. चौकोनी, खरखरीत, आकाराच्या मानाने फार हलकं. बाहेर काढून बघायची गरज नव्हती. वीस वर्षं ज्या वस्तूवर पोट भरलं ती वस्तू बोटं न बघता ओळखतात. तो फिल्टर होता. सकाळी साच्यात बसवायचा फिल्टर. आता दुपारचे पावणेचार वाजत होते, फाउंड्री सात थांबे मागे राहिली होती, आणि फिल्टर त्याच्या खिशात होता. बस कशासाठी थांबली, कोण आडवं आलं, पुढची माणसं ड्रायव्हरवर का हात नाचवतायत, यातलं त्याला काही कळलं नाही. शेजारची बाई त्याच्याकडे वळून काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "हो." हल्ली त्याचं सगळ्यांना हेच उत्तर असायचं, आणि आश्चर्य म्हणजे दहापैकी आठ वेळा ते चालून जायचं.

हा फिल्टर दिसायला अगदीच फालतू. तळहाताएवढा काळपट चौकोन, नुसती भोकंच भोकं, पण आरपार सरळ एकही भोक नाही. स्पंज दगडाचा झाला तर जसा दिसेल तसा. आणि तो खरोखरच स्पंजापासून होतो. एकदा फाउंड्रीतल्या चार माणसांना हे फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यात नेलं होतं तेव्हा त्याने बघितलं होतं: बायका साधा पिवळा स्पंज राखाडी चिखलात बुडवत होत्या, रुळांखालून पिळून काढत होत्या, वाळवून भट्टीत लावत होत्या. भट्टीत स्पंज जळून जातो. उरते ती त्याच्या अंगाला लागलेली माती, त्याच्याच आकारात. त्या दिवशी सगळे चहा पिऊन परतले, आणि याच्या डोक्यात मात्र तो जळून गेलेला स्पंज बरेच दिवस राहिला. फिल्टरचं कामही तसं साधंच. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतला की तो पाटातून वाहत आत शिरतो, आणि आत शिरण्याआधी त्याला या जाळीतून जावं लागतं. मळी अडकते, वाळूचे कण अडकतात. ज्याने त्याला हे काम शिकवलं तो वस्ताद म्हणायचा, "गाळणं राहू दे रे, गाळायला चाळणीही गाळते. हा रसाला शांत करतो. रस खळखळत आला की हवा गिळतो आणि स्वतःच मळी करतो. यातून गेला की कसा मुकाट चालतो बघ." वस्ताद रसाबद्दल असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं घरातल्या कोणाबद्दल बोलतोय.

आजच्या साच्यांत बसच्या पुढच्या चाकाचे सांधे होते. स्टिअरिंग फिरवलं की चाक ज्याच्या जोरावर वळतं तो सांधा. फिल्टर नसलेल्या साच्यातूनही सांधा निघतो, आणि बाहेरून तो भावंडांसारखाच दिसतो. रंग नीट बसतो, वजन तेच भरतं, भोकं पाडणारा त्याला भोकं पाडतो. फक्त आत कुठेतरी केसाएवढी मळीची रेघ राहते. ती वर्षभर राहते, दोन वर्षं राहते, आणि मग एखाद्या वळणावर राहत नाही, सांधा तिथेच तुटतो. आपण बसमध्ये उभे आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. ड्रायव्हर एका हाताने चाक फिरवत होता, दुसऱ्या हाताने कान खाजवत होता. मागच्या बाकावर दोन शाळकरी मुली एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. त्याने खिशातला हात बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.

सकाळ आठवायची म्हणून तो सकाळ आठवू लागला. साचे रांगेत उघडे पडलेले. खालचा अर्धा भाग जमिनीवर, वरचा अर्धा क्रेनला. तो रांगेने जाणार, खोक्यातून एक फिल्टर उचलणार, डाव्या कानाशी नेऊन नखाने टिचकी मारणार. खणखणीत वाजला तर पाटातल्या खोबणीत बसवणार, कडेची वाळू फुंकरीने उडवणार, हात वर करणार. क्रेनवाला झाकण खाली सोडणार. बद्द वाजला, म्हणजे आत कुठेतरी तडकलाय, तर तो खिशात टाकणार आणि दुसरा घेणार. खिशातले पाळी संपताना भंगाराच्या पिंपात; आज त्यातला हा एक तळाशी राहून गेला होता. टिचकीची ही पद्धत वस्तादाची. अख्ख्या फाउंड्रीत दुसरं कोणी तशी टिचकी मारत नाही. बाकीचे उजेडात धरून बघतात आणि बसवतात. म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणायचे. नवा माणूस आला की मुकादम त्याला हमखास इकडे आणायचा. "हा आमचा कानसेन. याचा कान म्हणजे एक्स-रे. यानं बद्द म्हटलं की देव आला तरी बद्द." कानसेन हसून मान हलवायचा, आणि टिचकी मारून दाखवायचा.

साडेदहाच्या सुमाराला, सहाव्या रांगेत, स्टोअरचा कारकून मागून आला होता. खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकला. कारकुनाने सहीसाठी वही पुढे केली होती, ओठ हलत होते. सही करायला हात मोकळे हवेत म्हणून त्याने हातातला फिल्टर खिशात टाकला. सही केली. "हो, हो," म्हणाला. वळला तेव्हा क्रेनचं झाकण खाली येत होतं. त्याने हात वर केलाच नव्हता, का वही परत देताना केला होता? क्रेनवाल्याने वरून बघितलं असणार की कानसेनने एक खिशात टाकला, म्हणजे बद्द होता, म्हणजे दुसरा बसवला असेल. कानसेनच्या बाबतीत कोण खात्री करत बसतो? झाकण बसलं, खिळे ठोकले गेले. आपण दुसरा फिल्टर घेतला होता का? त्याने डोळे मिटून ते दृश्य पुन्हापुन्हा चालवून बघितलं. वही दिसली, कारकुनाच्या नखातली शाई दिसली, सही दिसली. खोबणीत फिल्टर ठेवणारा आपला हात काही दिसेना. असे चाळीस हात त्याने आज ठेवले होते आणि सगळे एकसारखे होते. खोक्यातले उरलेले मोजायचीही सोय नव्हती, कारण निम्मी खोकी वाटेतच चुरा होऊन यायची आणि तो चुरा कोणी मोजत नसे.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, बद्द असेल म्हणूनच टाकला असेल खिशात. एवढं म्हणून त्याने पाय पसरून डुलकी काढली असती. कानसेनला ते जमण्यासारखं नव्हतं, आणि त्याचं कारण जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. कारण त्याला ऐकू येत नव्हतं. खणखणीत काय आणि बद्द काय, त्याच्या कानाशी दोन्ही सारखेच मुके होते. तो टिचकी मारायचा ती नुसती नाटकातली. आत तडकलेला फिल्टर ओळखायची सोयच उरली नव्हती, म्हणून तो डोळ्यांनी आणि बोटांनी जेवढं कळेल तेवढ्यावर काम रेटत होता. कोपरा उडालेला, कड भुसभुशीत झालेली, असेच फिल्टर खिशात जात. त्याने आता तो फिल्टर अर्धवट बाहेर काढून उजेडात धरला. चारही कोपरे शाबूत. कडा टणक. एवढा चांगला फिल्टर खिशात टाकायचं त्याला काही कारणच नव्हतं. म्हणजे दुसरा घेतलेला नव्हता. म्हणजे सहाव्या रांगेतला एक साचा रिकामा होता, आणि हे सिद्ध करायचं तर जे सांगावं लागेल ते सांगायला त्याची जीभ उचलली नसती.

कधी गेलं ऐकू यायचं, हे एका दिवसाचं नव्हतं. तरुणपणी बारा वर्षं त्याने शेकरवर काढली होती. शेकर म्हणजे लोखंडी गजांचा मोठा हलता चौथरा. त्याच्यावर साचे आदळून फोडायचे, वाळू खाली गळते, लोखंड वर राहतं. कानठळ्या बसवणारं काम. कानात घालायला बोळे मिळत, पण बोळे घातले तर क्रेनची शिट्टी ऐकू येत नाही आणि डोक्यावर काहीतरी येतं, म्हणून कोणी घालत नसे. मग वस्तादाने त्याला उचलून साच्यांवर आणलं. "कान बरा आहे तुझा अजून. इकडे ये, तिकडे जाईल." तो गेलाच, फक्त सावकाश गेला. आधी पाखरं गेली. मग दाराची घंटा. मग बायकांचे आवाज, मग फोन. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्याने फिल्टर कानाशी धरून टिचकी मारली आणि काहीच आलं नाही. त्याला वाटलं, बद्द आहे. दुसरा घेतला, तोही बद्द. पाच फिल्टर ओळीने बद्द निघाल्यावर त्याला कळलं, बद्द झालाय तो आपला कान. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पाचवा फिल्टर खोबणीत बसवून टाकला. तो पहिला. त्यानंतरचे कोणी मोजलेत?

वार्षिक तपासणीला काचेच्या खोलीत बसवून कानाला डबड्या लावत आणि आवाज आला की बटण दाबायला सांगत. काचेत तपासणाऱ्या मुलीच्या कोपराचं प्रतिबिंब पडायचं. कोपर हललं की तो बटण दाबायचा. मुलीने कागदावर खूण केली आणि अंगठा उंचावला. बाहेर आल्यावर त्याला हसू आलं, आणि मागोमाग स्वतःची शिसारीही आली. पण काय करणार होता? त्याच्याआधी साच्यांवरचा एकजण असाच बहिरा झाला होता आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. त्याला गेटाजवळ वाळूचे ढीग सारायला लावलं. लोक येता-जाता त्याच्या मागे उभं राहून त्याला शिव्या देत आणि तो वळला की सलाम करत. कानसेनही त्यात एकदा हसला होता. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं "हो" म्हणून काढायची, एवढाच त्याचा बेत होता. एकदा अशी सवय लागली की ती सोपी असते. ऐकू येणं थांबल्यापासून त्याचे पाय ऐकायला लागले होते. क्रेन कुठे आहे हे तळव्यांना कळायचं, जिन्यावर बायको चढतेय हे कळायचं, आता बसचं इंजिन घरघरतंय हेही तळव्यांनाच कळत होतं. आणि मग त्याच्या मनात एक भलती आशा उगवली. पायांना कळतं तर बोटांना का नाही कळणार? कदाचित आज सकाळी टिचकी मारताना बोटांनाच जाणवलं असेल की हा बद्द आहे. कदाचित गेले कित्येक महिने बोटं आपलं काम चोख करतायत आणि आपल्यालाच पत्ता नाही. ही आशा त्याला पटली नाही, पण ती सोडवेना. फिल्टर बद्द निघाला पाहिजे, बस्स. कोणीतरी ऐकून सांगितलं पाहिजे की बद्द आहे. साचे सहाला फुटणार होते. एकदा शेकरवर पडले की सांधे तुटून एका ढिगात आणि पाटात गोठलेलं लोखंड दुसऱ्या ढिगात. जाळी पाटात चिकटून राहते, म्हणून फुटण्याआधी बघितलं तर रिकामा साचा कळतो. नंतर ब्रह्मदेवालाही कळणार नाही. खिशात फोन होता. ऐकू येणाऱ्या माणसाने तिथूनच फोन केला असता.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बायको खिडकीशी बसून धुतलेले कपडे घड्या करत होती. त्याच्याकडे बघून ती काही बोलली नाही. बायको बोलायची थांबली की आपल्याला ऐकू यायचं थांबलं, हे त्याला कधी नीट कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर न कळण्यात त्याची सोयच होती. चार महिने घरात अशी शांतता होती. जेवायला वाढलं जायचं, चादरी बदलल्या जायच्या, बिल भरलं का म्हणून कागद पुढे सरकायचा. त्याने कोट न काढताच फिल्टर बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला. तिने वर पाहिलं. उजेड तिच्या तोंडावर होता, त्यामुळे ओठ स्पष्ट दिसत होते.

"आणखी एक आणलात? मागचाच अजून झिजला नाही." टाचा घासायला त्याने पूर्वी एक तुटका आणून दिला होता, न्हाणीघरात वजरीशेजारी तो अजून पडलेला होता. "आणि पहिल्याच दिवशी टाच सोलून निघाली होती, आठवतंय का?"

"घासायला नाही. याच्यावर टिचकी मार."

"कशावर?"

"याच्यावर. नखाने. कानाशी धरून. आणि सांग कसा वाजतो."

तिने त्याच्याकडे असं बघितलं, जणू भट्टीची उष्णता अखेर याच्या डोक्यात शिरली. पण फिल्टर घेतला. काळा चुरा मांडीवरच्या पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर सांडला, तो झटकला, मग फिल्टर कानाशी नेऊन टिचकी मारली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आयुष्यात तिच्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून त्याने लग्न ठरतानाही बघितलं नसेल.

"वाजतोय की. कपासारखा."

"बद्द नाही?"

"बद्द कुठला? छान खणखणीत आहे."

"नीट ऐक. पुन्हा मार."

"आता काय गाणं काढू का त्यातून?" तिने फिल्टर त्याच्या हातात कोंबला. "तुम्हीच ऐका. कानसेन तुम्ही. घरातलं तेवढं सोडून सगळं ऐकू येतं ना तुम्हाला."

आपण बोलणार आहोत हे त्याला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

तिने घडी केलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घातली. मग तो बाजूला ठेवला. "ऐकू येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. तू समोर आहेस, तोंड दिसतंय, म्हणून कळतंय. पाठ फिरवलीस की काही नाही."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

ती उठून त्याच्या अगदी समोर आली. तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळे वाचायला अवघड जात होतं, आणि पुन्हा म्हण असं म्हणायची त्याची छाती नव्हती. तरी त्याला कळलं. ती विचारत होती, "ती आली होती तेव्हा?"

ती म्हणजे मुलगी. चार महिन्यांपूर्वी ती दोन दिवस राहायला आली होती, न कळवता, एका पिशवीनिशी. दुसऱ्या दिवशी तो कामावरून येऊन मोरीत हात धूत होता. काळे हात, दहा मिनिटं घासावे लागतात. नळ पूर्ण सोडलेला, पाठ दाराकडे. समोरच्या छोट्या आरशात मुलगी दारात उभी असलेली दिसली. आरशावर पाणी उडालेलं होतं. तिचे ओठ बराच वेळ हलले. लहानपणी ती अशीच दाराला टेकून लांबलचक काहीतरी सांगायची, शाळेतलं, मैत्रिणींचं, आणि तो हात धूत हुंकार द्यायचा. एकदा तिने त्याचा एक फिल्टर दिव्यासमोर धरून विचारलं होतं, बाबा, यातून पलीकडचं दिसत नाही, मग उजेड कसा येतो? चार महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी आरशात तिचं बोलणं संपलेलं दिसलं तेव्हा तो म्हणाला, "हो हो. होईल सगळं ठीक. सकाळी लवकर निघ, ऊन व्हायच्या आत." त्याला वाटलं होतं ती परत जायची वेळ विचारतेय. सकाळी तो उठला तेव्हा ती गेलेली होती.

"तेव्हाही," तो म्हणाला.

बायको खाली बसली. त्याच्या पायांना ते जाणवलं, फरशीवर तिचं वजन पडलेलं. मग तिने मान वर करून, प्रत्येक शब्द वेगळा काढत सांगितलं. आता आवाज चढवून उपयोग नाही आणि तोंड नीट हलवायला हवं, हे तिला इतक्यात समजलं होतं. "ती म्हणाली होती, बाबा, तो माझ्यावर हात उचलतो. दोनदा डोकं आपटलंय भिंतीवर. मी परत नाही जात. इथे राहू ना? आणि तुम्ही म्हणालात, सकाळी लवकर निघ." ती थांबली. "मी ओट्यापाशी होते. मी ऐकलं. मला वाटलं, हा माणूस नव्हेच."

त्याने फिल्टर दोन्ही हातांत धरला होता. बोटांखाली चुरा होत होता. तो एवढंच म्हणाला, "मला जायला हवं. एक साचा रिकामा राहिलाय. बसचा सांधा आहे."

तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने पदराने तोंड पुसलं आणि फोन उचलला. तो दारापाशी थबकला. "तिला लावतेस?" तिने मान हलवली. "काय सांगशील?" तिने उत्तर दिलं, पण फोन कानाला लावताना तिचा हात तोंडासमोर आला आणि ते त्याला दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये तो उभाच राहिला, जागा असूनही. आता मोजायला सुरुवात केली ती थांबेना. अकरा महिने. रविवार सोडून. दिवसाला चाळीस साचे. त्यात किती फिल्टर आतून तडकलेले असतील? तडकलेला फिल्टर रसाच्या माऱ्याने फुटतो आणि त्याचे तुकडेच लोखंडात जातात, ते मळीपेक्षा वाईट. शंभरात एक असेल? दोन? वस्ताद शंभरात तीन तरी बाजूला काढायचा. वस्ताद तीन काढायचा म्हणजे तीन असायचे. त्याने बाहेर बघायला सुरुवात केली तर रस्त्यावर सगळ्या बसच होत्या. वळणारी प्रत्येक बस त्याने वळून होईपर्यंत बघितली. असं वाटलं की आता उतरावं, कुठल्याही थांब्यावर, आणि चालत सुटावं, कोणी ओळखत नाही तिथपर्यंत. उतरला मात्र तो फाउंड्रीच्याच थांब्यावर. गेटाजवळ वाळूचे ढीग होते. ते सारणारा म्हातारा आता नव्हता, पण त्याचं फावडं तिथेच भिंतीला टेकलेलं होतं.

सहाला दहा मिनिटं कमी होती आणि शेकर सुरू झालेला होता. शेडचं दार ओलांडायच्या आधीच त्याला कळलं, पायांखालची जमीन धडधडत होती. दुसऱ्या पाळीने लवकर हात घातला होता. पहिल्या दोन रांगा फुटून झाल्या होत्या, धुरळ्यात सांध्यांचा ढीग तांबूस दिसत होता. सहावी रांग अजून बाकी होती. त्याच्या जिवात जीव आला. पाळीचा साहेब ढिगाशी उभा होता, तिशीचा पोरगेला माणूस, कामगारांना काका-मामा म्हणणारा. कानसेनने त्याच्यासमोर जाऊन तळहातावर फिल्टर धरला.

"सहाव्या रांगेत एक साचा रिकामा आहे. हा माझ्या खिशात राहिला."

साहेबाने फिल्टर घेऊन उजेडात फिरवला. मग कानसेनच्या कानाशी तोंड नेऊन तो काहीतरी ओरडला. कानसेन मागे सरकला, त्याचा चेहरा दिसेल इतका. साहेब हसत होता. "अहो काका, खिशात म्हणजे बद्द असेल! तुम्ही बद्दच टाकता ना खिशात?"

"दिसायला चांगला आहे बघा."

"दिसायला असेल. तुमचा कान आतलं ऐकतो. क्रेनवालाही सांगेल, काकांनी एक खिशात टाकला, दुसरा बसवला." त्याने घड्याळ दाखवलं. "सातला ट्रक येतोय, माणसं तिकडे भराईला लागतील. रांग हाताने फोडत बसलो तर पहाट होईल. तुम्ही फक्त म्हणा, बद्द होता. तुमच्या शब्दावर मी सोडतो. बद्द होता ना?"

ओठ थांबले. प्रश्न पुरा झाला होता आणि त्याचं उत्तर तोंडात तयार होतं, अकरा महिने घासून गुळगुळीत झालेलं. एक अक्षर. ते म्हटलं की साहेब पाठीवर थाप मारेल, मुकादम चहा मागवेल, आणि उद्या सकाळी तो रांगेत उभा राहून टिचकी मारेल. त्याला समोर आरसा दिसला, पाणी उडालेला, आणि त्यात हलणारे ओठ. त्याचं तोंड उघडलं आणि "हो" अर्धा बाहेर आला. त्याने तो गिळला.

"खणखणीत आहे," तो म्हणाला.

"तुम्ही ऐकलंत?"

"मी नाही. बायकोने ऐकलं. मला ऐकू येत नाही."

साहेबाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही. त्याने फिल्टरकडे बघितलं, मग कानसेनच्या कानाकडे. मग मागे वळून हात उंच केला. क्षणभर काही झालं नाही. मग पायांखालची धडधड मंद झाली, अडखळली आणि थांबली. बाहेरच्या बस सोडल्या तर आता जगात कुठेच काही हलत नव्हतं असं त्याच्या तळव्यांना वाटलं. धुरळा खाली बसू लागला. त्यातून सांध्यांचा ढीग दिसला, आणि त्याच्या पलीकडे रंग दिलेल्या जुन्या मालाचे पिंजरे, आज जाणारे, एकावर एक छतापर्यंत.

साहेबही त्या पिंजऱ्यांकडेच बघत होता. मग तो वळला आणि त्याने कानसेनचे दोन्ही खांदे धरले. बहिऱ्याशी बोलावं तसं, तोंड मोठं उघडून, सावकाश त्याने विचारलं, "काका, कधीपासून?"

घरी त्याने थोडे दिवस म्हटलं होतं.

"मागच्या हिवाळ्यापासून," तो म्हणाला. आपला आवाज केवढा निघाला हे त्याला कळलं नाही, पण शेडच्या पार त्या टोकाला क्रेनखाली उभी असलेली माणसंही वळून बघू लागली.